टाकी विचाराधीन आहे

भाऊसाहेबांच्या ओट्यावर चढण्याआधी बिडी विझवायची, हे कारंज्यात आता पोहा वेशीपासून मंगरूळ वेशीपर्यंत सगळ्यांना माहीत झालं आहे. कारण ओट्यावर जीपची पेट्रोलटाकी बसलेली असते. ठेवलेली नाही, बसलेली. खाली पाट, अंगावर भाऊसाहेबांचा जुना पंचा आणि तोंडात चिंधीचा बोळा. अक्षय्य तृतीयेला ती जीपच्या पोटातून निघाली तेव्हा भाऊसाहेब म्हणाले होते, "दोन दिवसांचं काम आहे." त्यानंतर आखाडी गेली, पोळा गेला. तान्ह्या पोळ्याला गल्लीतल्या पोरांनी आपले लाकडी बैल तिच्याभोवती फिरवून नेले. खंडेनवमीला काकूंनी विळी, खुरपं आणि शिलाई मशीनच्या रांगेत तिलाही हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "आता घरचीच झाली." आवाजात कौतुक अजिबात नव्हतं.

प्रश्न एवढाच, की टाकी गंजली आहे. ती दुरुस्त करायची की नवी बसवायची?

पण भाऊसाहेबांकडे प्रश्न नेणं म्हणजे मृगात बी टाकणं. एक टाकलं की दिवाळीपर्यंत पोतं भरून परत मिळतं.

भाऊसाहेबांची सगळी नोकरी एका सरकारी खात्याच्या एकाच टेबलावर गेली. टेबलाचं नाव जडसंग्रह. खुर्चीचा हात मोडला, पंख्याचं पातं वाकलं, तिजोरीची किल्ली हरवली, की ती वस्तू कागदावर चढून भाऊसाहेबांपुढे यायची. ती दुरुस्त होण्याजोगी आहे की निर्लेखित करण्याजोगी, यावर भाऊसाहेब टिपणी लिहीत. निर्लेखन म्हणजे सरकारी वस्तूचं मरण. ते असं उठसूट येत नाही. त्याला प्रस्ताव लागतो, तीन दरपत्रकं लागतात, तुलनात्मक तक्ता लागतो. भाऊसाहेबांच्या हातून एकही वस्तू घाईनं मेली नाही. काही खुर्च्या तर त्यांच्याआधी निवृत्त व्हायला हव्या होत्या, त्या त्यांना निरोप द्यायला हजर होत्या.

घरीही हाच कारभार. छत्रीची काडी तुटली तर तीन ठिकाणी विचारणा होते आणि तोवर पावसाळा संपतो. काकू सांगतात, "मला पाहायला आले तेव्हा आधी दोन ठिकाणी पाहून आले होते. तिसरं दरपत्रक माझं."

जीप १९७३ची. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जिपा जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही उंच बॉनेटची, पेट्रोलवर चालणारी. अशा बहुतेक जिपांची इंजिनं लोकांनी पुढे उपटून डिझेलची बसवली. हिचं राहिलं, कारण इंजिन बदलायचं की नाही हेही कधी ठरलं नाही. मूळची ती भाऊसाहेबांच्याच खात्याची. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १ जुलै १९९८चा. त्याच्या काही वर्षं आधी ती लिलावात निघाली आणि भाऊसाहेबांच्या साळ्यानं घेतली. त्यानं मानोऱ्याकडच्या शेतावर खत वाहिलं, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला माणसं वाहिली आणि थकल्यावर बहिणीच्या दारात आणून सोडली. माहेरची भेट म्हणून. काकू अजून भावाशी नीट बोलत नाहीत.

या जिपेत टाकी असते ड्रायव्हरच्या सीटखाली. म्हणजे चालवणारा चाळीसेक लिटर पेट्रोलवर मांडी ठोकून बसलेला असतो. भाऊसाहेब सीटवर बसण्याआधी हात जोडतात, ते देवाला की टाकीला, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात जीप दर दोन-तीन किलोमीटरला उभी राहू लागली. धाप लागल्यासारखी दोनदा उचकायची आणि गप्प. मिस्त्री यायचा, कार्बोरेटर उघडायचा, जेट तोंडात धरून फुंकायचा आणि बाजूला पचकन थुंकायचा. थुंकी लाल. पान न खाता. तिसऱ्या वेळेस त्यानं पेट्रोलची काचेची वाटी काढून भाऊसाहेबांच्या नाकासमोर धरली. तळाशी बोटभर तांबडा गाळ, कुंकू कालवल्यासारखा.

"टाकी सडली, भाऊसाहेब. काढा लागते."

काढली. उलटी केल्यावर तिचा इतिहास दिसला. तळाला पहिला थर कपड्याच्या साबणाचा. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळे भोकावर साबण घासला की गावापर्यंत पोचता येतं, हे आपल्याकडच्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक. साबणावर एम-सील. एम-सीलच्या बाजूला कथलाचा एक जुना डाग आणि डागाच्या कडेनं पुन्हा साबण. मिस्त्रीनं नख लावलं तर पापुद्रा निघाला आणि खालचा पत्रा भाकरीच्या करपल्या पदरासारखा त्याच्या बोटावर आला.

मग तोंडातून बॅटरीचा झोत टाकून सगळ्यांनी पाळीपाळीनं आत पाहिलं. मीही पाहिलं. खालच्या बाजूला भोकं होतीच, पण गंजाचे मोठे फोड होते वरच्या छताला, जिथे पेट्रोल पोचत नाही तिथे. मुठीएवढ्या वारुळासारखे.

"हे वरून काहून गंजलं?" मी विचारलं.

मिस्त्री भाऊसाहेबांकडे पाहत म्हणाला, "टाकी अर्धी ठेवल्यानं. वरच्या रिकाम्या जागेत हवा राह्यते. रात्री गार झाली का आतून घाम येते. थो घाम खाली जाऊन बसते, पेट्रोलच्या बी खाली. मंग वरून बी खाते अन् खालून बी खाते. फुल्ल करून ठेवली असती त नसती सडली."

भाऊसाहेबांनी आयुष्यात टाकी फुल्ल केलेली नाही. पंपावर ते म्हणतात, "अर्धी राहू द्या. पुढचं पुढे पाहू." त्या दिवशी मात्र त्यांनी मिस्त्रीचं म्हणणं वहीत नोंदवून घेतलं आणि खाली लिहिलं, "कारणमीमांसा प्राप्त."

नेमकी किती भोकं आहेत हे कळल्याशिवाय दरपत्रक मागवता येत नाही, असा नियम निघाला. म्हणून टाकीची तोंडं बुचानं आणि ट्यूबच्या तुकड्यांनी बंद करून, सायकलच्या पंपानं थोडी हवा भरून, ती गोठ्यापुढच्या हौदात बुडवायचं ठरलं. पंक्चर काढतात तसं. पण हवा भरलेली टाकी बुडेल कशी? ती म्हशीसारखी वर येऊन तरंगायला लागली. शेवटी गल्लीतली दोन पोरं तिच्यावर बसवली. पोरं खाली, टाकी त्यांच्या खाली आणि पाण्यातून बुडबुडे. भाऊसाहेब हौदाच्या काठावर वही घेऊन. "ईशान्य कोपरा, दोन, संथ. मध्यभागी एक, जोरात. शिवणीला बारीक, अखंड." पोरं गुदगुल्या होतात म्हणून हलायची आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तीन मोजण्यांत तीन आकडे आले. सतरा, एकवीस आणि चौदा. भाऊसाहेबांनी सरासरी काढली.

संध्याकाळी म्हैस हौदावर आली, पाणी हुंगलं आणि तोंड फिरवून निघून गेली. दोन दिवस तिनं दूध चोरलं. काकूंनी ते दूध टाकीच्या खात्यावर मांडलं आहे. त्या खात्यावर चहा-साखरही आहे. टाकी पाहायला येणाऱ्याला चहा द्यावाच लागतो, आणि माणसं तर रोज येतात.

पहिलं दरपत्रक गावातल्या रेडिएटरवाल्याचं. टाकी कॉस्टिक सोड्यानं उकळून काढणार, भोकांना पितळी वेल्डिंग करणार, आतून लेप देणार. पण त्याची एक अट होती. टाकी पाण्यानं गच्च भरायची आणि जिथे ज्योत लावायची तेवढीच जागा रिकामी ठेवायची. "भरल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. आत वाफ धरून बसते, महिना झाला तरी. ठिणगी पडली का संपलं."

"पण पाणी भरल्यानं गंज वाढेल," भाऊसाहेब म्हणाले.

"अन् नाही भरलं त मी कमी होईन न, भाऊसाहेब."

हा मुद्दा तक्त्यात कुठल्या रकान्यात घालावा यावर एक आठवडा गेला.

दुसरं दरपत्रक अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरचं. जुन्या टाकीवरून माप घेऊन नव्या पत्र्याची हुबेहूब करून देणार. तिसरं भाऊसाहेबांच्या मुलानं पुण्याहून फोनवर पाठवलं. हरियाणात पंजाबच्या सीमेवर डबवाली म्हणून गाव आहे, तिथे जुन्या जिपांचा मोठा धंदा चालतो. तिथून नवी तयार टाकी पार्सलनं येईल. "पप्पा, मी ऑर्डर टाकतो. चार दिवसांत दारात."

चार दिवस हा आकडा ऐकून भाऊसाहेब गंभीर झाले. इतक्या लवकर येणाऱ्या वस्तूत काहीतरी गोम असणार, हा तीस वर्षांचा अनुभव. शिवाय तत्त्वाचा प्रश्न. "ही जीप अकोला जिल्ह्यात उभी राहिली, वाशीम जिल्ह्यात म्हातारी झाली. तिच्या पोटात डबवालीची टाकी घातली, तर पाणी कुठलं लागेल तिला?"

"तिले पानी लागूनच त हे झालं," मिस्त्री म्हणाला.

एकदा दरपत्रकं आली म्हटल्यावर गाव मोकळं झालं. ओट्यावर येणारा प्रत्येक जण एक उपाय घेऊन येई. निवृत्त कंपाउंडर म्हणाले चिंचेचं पाणी भरा, तांब्याचे हंडे कसे निघतात! एकानं सांगितलं, मूठभर खडी नि सायकलची चेन आत टाकून टाकी ट्रॅक्टरच्या चाकाला बांधा आणि शेतात फिरवा, आतला गंज आपोआप झडतो. हा उपाय अडाणी वाटतो, पण खरा आहे, गॅरेजवाले करतात. दुसऱ्यानं खडीऐवजी सोयाबीन सुचवलं, भाव नाहीच आहे तर निदान या कामी येईल. एक शेतकरी काकवी घेऊन आला. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, पंधरा दिवस भिजत ठेवा. हाही उपाय खोटा नाही, मळीच्या पाण्यात गंज खरोखर सुटतो. पण पंधरा दिवस ओट्यावर गोड टाकी ठेवल्यावर मुंग्यांचं काय, हे त्यानं सांगितलं नाही. काकूंनी काकवी ठेवून घेतली आणि तिच्या दशम्या केल्या. टाकीच्या खात्यावर जमेची म्हणून तेवढी एकच नोंद आहे.

भाऊसाहेबांनी स्वतः काढलेली तोड मला फार आवडली होती. कल्हई. जुन्या टाक्यांच्या पत्र्याला शिसं-कथलाचा मुलामा असायचा, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. मग आपल्या पितळी पातेल्यांना करतात तीच कल्हई आतून का नको? सायकलवर भाता बांधून फिरणारा एक म्हातारा कल्हईवाला त्यांनी शोधून आणला. त्यानं टाकीच्या तोंडात डोळा घातला, मग हात घालून पाहिला. मनगट अडकलं. ते तेल लावून काढावं लागलं. "आत फडकं फिरवाले हात जात नाही बाप्पा," तो म्हणाला, "टाकीले पातेल्यासारखं तोंड करून द्या, मंग करतो." त्यालाही चहा झाला.

टाकी ओट्यावर आणि जीप अंगणात. मग जीप चालायची कशी? मिस्त्रीनं सलाईन लावलं. गॅरेजमध्ये खरंच हाच शब्द आहे. काचेच्या चौकटीला प्लास्टिकची बाटली उलटी टांगायची, तिला नळी, नळी थेट कार्बोरेटरला. पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. इंजिन पहिल्या झटक्याला असं गुरगुरलं, की गोठ्यातली म्हैस उभी राहिली. दरवाजात काकू उभ्या. भाऊसाहेब ड्रायव्हरच्या जागी, सीटखाली टाकी नाही म्हणून चार इंच खाली गेलेले. स्टिअरिंगच्या वर नुसती टोपी दिसत होती. मी शेजारी, डोळे बाटलीवर. ऋषी तलावापर्यंत गेलो आणि आलो. वाटेत एकानं हटकलं, "काय भाऊसाहेब, पेशंट कसा हाय?"

"विचाराधीन आहे," भाऊसाहेब ओरडले.

मला वाटलं, आता चालवल्याची चव लागली, आता ठरेल. मिस्त्रीनंही लोखंड तापलेलं पाहून घाव घातला. "नवी टाकी बसवा, समृद्धीवर नेतो तुमाले. कारंज्यातून चढलं का सरळ नागपूर."

समृद्धीवर गाड्या ताशी १२०नं धावतात. आमची जीप साठला खुळखुळ्यासारखी वाजते. पण भाऊसाहेबांची अडचण वेगळीच होती. "आता पेट्रोल पहिल्यासारखं राहिलेलं नाही. २०२३पासून वीस टक्के इथेनॉलवालं येऊ लागलं, आता सगळीकडे तेच. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. ओल जास्त झाली की पाण्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं. म्हणजे नवी टाकीही गंजणार. जी गंजणारच आहे ती नवी कशाला? आणि जुनी दुरुस्त केली तर जुन्या रबराच्या नळ्यांचं काय?"

यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. भाऊसाहेबांची हीच पंचाईत आहे. मूर्ख माणसाला उत्तर देता येतं.

मिस्त्रीनं मान खाली घालून नटाला तेल लावलं. भाऊसाहेबांनी तक्त्यात चौथा पर्याय घातला, स्टेनलेस स्टील. पाचवा, प्लास्टिक. शेवटचा 'शेरा' हा रकाना अजून कोरा होता.

मी चिडून म्हटलं, "भाऊसाहेब, शकुंतलेसारखं करू नका." शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणारी आमची अडीच फुटी रुळांची गाडी. ती मोठी करायची की तशीच डागडुजी करून चालवायची, यावर इतकी वर्षं बोलणं झालं की गाडी बंद पडली आणि रुळांत बाभळी उगवल्या. पण उदाहरण माझ्यावरच उलटलं.

"शकुंतलेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं," भाऊसाहेब म्हणाले, "१९२३ला रुळावर आलं आणि १९९४पर्यंत तेच धावलं. एकाहत्तर वर्षं. त्याची टाकी कोणी बदलली होती?"

"थे कोळशावर होतं, भाऊसाहेब," मिस्त्री म्हणाला.

"तेच म्हणतो मी. मूळ ते मूळ."

मूळ हा शब्द इथून शिरला आणि प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. मुलानं फोनवर सहज सांगितलं, की पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना आता विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. जुलै २०२१चा केंद्राचा नियम आहे. गाडी मूळ रूपात हवी. भाऊसाहेबांनी राजपत्र छापून आणलं, लाल पेन्सिलीनं वाचलं. चॅसिस, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार चालणार नाही असं त्यात आहे. टाकीबद्दल अक्षर नाही.

"नाही ना? मग झालं तर," मी म्हणालो.

"नाही म्हणूनच तर पंचाईत," भाऊसाहेब म्हणाले. "मनाई असती तर दुरुस्ती केली असती. परवानगी असती तर नवी घेतली असती. नियम मौन आहे."

त्याच नियमात पुढे आहे, की विंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला न्यावी, रॅलीला न्यावी, देखभालीला न्यावी आणि पेट्रोल भरायला न्यावी. हे वाचून काकू पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. "म्हणजे सरकारनं पेट्रोल भरायला जायची मुभा दिली, आणि भरायचं कशात ते पाटावर बसलं आहे."

तरीही अर्ज करायचा तर जीप १९७३चीच आहे याचा पुरावा हवा. नोंदणीचं पुस्तक साळ्याकडे उंदरांनी कुरतडलेलं. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी भाऊसाहेबांनी माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली घेतली. आम्ही दोघं ओट्यावर, मध्ये ट्रंक, बाजूला टाकी. आतून रद्दीचा, डांबरगोळ्यांचा आणि खात्याचा वास आला. पगाराच्या चिठ्ठ्या, बदलीचे आदेश, एका खुर्चीबद्दलचा सहा वर्षांचा पत्रव्यवहार. तळाशी पिवळ्या पडलेल्या कार्बन प्रती, टाचणीनं टोचलेल्या. टाचणी गंजलेली.

वरच्या कागदाचा विषय : शासकीय जीप, निर्मिती वर्ष १९७३, दुरुस्ती अथवा निर्लेखनाबाबत. तारीख १९९१ची. अक्षर भाऊसाहेबांचं, आजच्यापेक्षा टोकदार, वेलांट्या जरा अभिमानी. इंजिन सुस्थितीत. टायर तीन सुस्थितीत. आणि अनुक्रमांक ७ : "पेट्रोल टाकीस तळाशी गंज आढळून येतो. सबब सदर टाकी दुरुस्त करावी किंवा बदलावी."

समासात साहेबांच्या लाल शाईचा शेरा. "नेमके काय, ते स्पष्ट करावे."

मी खालची पानं उलटली. स्मरणपत्र क्रमांक १. स्मरणपत्र क्रमांक २. मग तातडीचं. मग अर्धशासकीय. तीन वर्षं साहेब विचारत होते आणि तीन वर्षं जीप उघड्यावर उभी होती. शेवटच्या कागदावर त्याच लाल शाईनं, पण थकलेल्या अक्षरात लिहिलं होतं, "टाकीबाबत खुलासा अप्राप्त. सबब संपूर्ण वाहन लिलावात काढावे."

मी काही बोललो नाही. आतून चकल्या तळल्याचा वास येत होता. भाऊसाहेबांनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल. पण चेहऱ्यावर हळूहळू असा काही उजेड आला, जसा जुना शाळासोबती यात्रेत भेटल्यावर येतो.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "पहिल्यापासून माझं मत एकच आहे."

मग त्यांनी कागद टाकीवर पसरला, पंच्याची सुरकुती हातानं नीट केली, खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि साहेबांच्या लाल शेऱ्याखाली उरलेली जागा बोटानं मोजली.

"अहो," आत बघून त्यांनी हाक मारली, "दोन कप चहा टाका." आणि मला विचारलं, "आज तारीख किती?"